तिसऱ्या चेकमधले चौदाशे डॉलर कोणाचे? न्यू जर्सीतल्या एका घराचा हिशेब

अमेरिकेत कोविडच्या काळात तीन वेळा सरकारी मदत आली. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या घरांत तिसऱ्या वेळी वाद पेटले, कारण पहिल्या दोन वेळा त्यांच्या नावाने काही आलंच नव्हतं. खालचं कुटुंब प्रातिनिधिक आहे. हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून घरातले आकडे ठरवून घेतले आहेत. नियम, तारखा आणि मर्यादा मात्र त्या काळात लागू होत्या त्याच आहेत.

घर आणि आलेला पैसा

आई, बाबा, २२ वर्षांचा मुलगा आणि २० वर्षांची मुलगी. नवरा-बायको आयकराचं विवरणपत्र एकत्र भरतात. २०१९ चं समायोजित उत्पन्न (काही वजावटींनंतरचं) १,४६,००० डॉलर, २०२० चं १,४२,०००. मुलगा मे २०२० मध्ये पदवीधर झाला आणि १५ जूनपासून दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला. तो १४ जूनला घर सोडून गेला आणि वर्षअखेरपर्यंत त्याने ३२,००० कमावले. मुलगी राज्य विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॅम्पसबाहेर मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. तिच्या वाट्याचं भाडं महिना ६५० डॉलर.

२७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने प्रौढाला १,२०० आणि १७ वर्षांखालच्या मुलाला ५०० दिले. या घराला २,४०० मिळाले. मुलं १७ च्या वर, म्हणून त्यांच्या नावाने शून्य. आणि ती पालकांची डिपेंडंट (पालकांच्या विवरणपत्रात अवलंबून म्हणून नोंदलेली), म्हणून स्वतःच्या हक्कानेही शून्य. २७ डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या कायद्याने माणशी ६०० दिले, पण मुलांची वयोमर्यादा तीच ठेवली. घरात आले १,२००. २००८ च्या मंदीतल्या चेकांच्या वेळीही सतरा ते तेवीस वयाचे विद्यार्थी असेच दोन्हीकडून सुटले होते.

११ मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनने ही अट काढली. माणशी १,४००, आणि डिपेंडंट कोणत्याही वयाचा असला तरी त्याचे १,४००. या घराने तोवर २०२० चं विवरणपत्र भरलं नव्हतं. मुदत १५ एप्रिलपर्यंत होती (नंतर ती १७ मे पर्यंत वाढली), घाई नव्हती. त्यामुळे आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, २०१९ चं विवरणपत्र धरलं. त्यात दोन्ही मुलं डिपेंडंट होती, म्हणून १७ मार्चला आईबाबांच्या जोडखात्यात ५,६०० जमा झाले. तिन्ही वेळचे मिळून ९,२००.

त्या आठवड्यात मुलीने विचारलं, "बाबा, त्यातले माझे चौदाशे मला मिळणार का?" बाबांचं म्हणणं, फी आम्ही भरतो, भाडं आम्ही भरलं, घरात पैसा एकच. मुलाने फोनवरून आपलेही चौदाशे मागितले. प्रश्न दोघांचा सारखा दिसतो, पण उत्तर अगदी उलट निघतं.

कायदा काय म्हणतो

कायद्याच्या दृष्टीने हा विवरणपत्र भरणाऱ्याच्या कराचा आगाऊ परतावा आहे. डिपेंडंटमुळे तो वाढतो, पण पैसा पालकांचाच. तो मुलाला द्यायचं बंधन कुठेही नाही आणि मुलाला तो कोर्टातून मागता येत नाही. दिला तर त्यावर कर नाही. २०२१ मध्ये माणशी १५,००० पर्यंतच्या भेटीला भेट-कराचं विवरणपत्रही लागत नव्हतं. म्हणजे कायदा कोणत्याच बाजूने ढकलत नाही. निर्णय घराचाच, आणि म्हणूनच तो आकड्यांवर घ्यायला हवा.

मुलीने आधी एक वेगळीच वाट शोधली होती. मी स्वतंत्र विवरणपत्र भरते, म्हणजे मला पहिल्या दोन वेळचे १,८०० मिळतील. ही समजूत त्या वर्षी हजारो विद्यार्थ्यांच्या डोक्यात होती आणि ती चूक आहे. पालकांनी तिला डिपेंडंट दाखवलं की नाही, हे पाहिलंच जात नाही. दाखवता येतं का, एवढंच पाहतात. २४ वर्षांखालची, वर्षातल्या पाच महिन्यांत तरी पूर्णवेळ विद्यार्थी, स्वतःच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त स्वतः न उचलणारी, आणि कॉलेजासाठी बाहेर असली तरी घर तेच: या साऱ्या कसोट्यांवर ती डिपेंडंट ठरते. शिष्यवृत्ती तिने उचललेल्या खर्चात मोजत नाहीत. स्वतःच्या नावाचं शैक्षणिक कर्ज मात्र मोजतात, आणि मोठं कर्ज असलेल्या मुलांच्या बाबतीत पारडं तिथे फिरू शकतं. या मुलीचं त्या वर्षीचं कर्ज ६,५०० आहे, एकूण खर्च त्याच्या तिपटीहून अधिक. पारडं फिरत नाही.

तरीही तिने फॉर्म १०४० वर, म्हणजे विवरणपत्राच्या मुख्य फॉर्मवर, 'दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट दाखवू शकतं' या चौकटीत खूण न करता विवरणपत्र पाठवलं असतं, तर आईबाबांचं ऑनलाइन विवरणपत्र परत आलं असतं. मग १०४०-एक्स भरून दुरुस्ती, आणि त्या वर्षी दुरुस्त्या महिनोन्महिने पडून राहत. शिवाय तिच्यामुळे आईबाबांना २०२० मध्ये अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचे (कॉलेजच्या खर्चावरची करसूट) २,५०० आणि इतर-डिपेंडंट क्रेडिटचे ५०० मिळत होते. मिळूच न शकणाऱ्या अठराशेसाठी ते तीन हजार अडकले असते. पगारातून कापलेला कर परत मिळवायला तिने विवरणपत्र जरूर भरावं, फक्त ती खूण करून.

मुलगा: सवयीने होणारी चूक

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून इथे थांबू. मे महिन्यात पदवी घेतलेल्या मुलाला पालक त्याही वर्षी डिपेंडंट दाखवतात, मागच्या वर्षीची फाइल उघडून नावं तशीच पुढे नेतात. या मुलाचे दिवस मोजा: १ जानेवारी ते १४ जून २०२० म्हणजे १६६ दिवस. वर्ष ३६६ दिवसांचं, निम्मे १८३. नोकरीसाठी कायमचं बाहेर पडणं ही शिक्षणासारखी तात्पुरती गैरहजेरी धरत नाहीत. निम्म्याहून जास्त वर्ष घरी राहण्याची कसोटी तो पार करत नाही. दुसऱ्या मार्गाने, म्हणजे अवलंबित नातेवाईक म्हणूनही तो बसत नाही, कारण तिथे २०२० साठी उत्पन्न ४,३०० च्या आत लागत होतं. तो २०२० साठी डिपेंडंट नाहीच. आईबाबांची इच्छा असो वा नसो.

तो महिनाभर उशिरा, म्हणजे जुलैच्या मध्यावर गेला असता, तर राहण्याची कसोटी पार झाली असती आणि सगळं स्वतःचा खर्च कोणी उचलला यावर येऊन ठेपलं असतं. तारखेचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि नोकरीचं पत्र जपून ठेवावं.

डिपेंडंट नसल्यामुळे त्याला स्वतःच्या २०२० च्या विवरणपत्रात, फॉर्म १०४० च्या ओळ ३० वर, रिकव्हरी रिबेट क्रेडिट म्हणून पहिल्या वेळचे १,२०० आणि दुसऱ्या वेळचे ६०० मागता येत होते. विवरणपत्राची प्रक्रिया झाली की तिसऱ्या वेळचे १,४०० आयआरएस आपणहून पाठवत होती. एकूण ३,२००. याशिवाय वसंत सत्राची ५,५०० फी, जी आईबाबांनी जानेवारीत भरली होती, ती कायदा डिपेंडंट नसलेल्या विद्यार्थ्याने स्वतः भरल्यासारखी धरतो. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट चारच वर्षं मिळतं आणि त्याची चार वर्षं २०१६ ते २०१९ मध्ये संपली होती. उरतं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, फीच्या २० टक्के, म्हणजे १,१००. आईबाबांना ते मिळणारच नव्हतं, कारण जोडप्यासाठी २०२० ची उत्पन्नमर्यादा १,३८,००० ला संपते.

म्हणजे सवयीने मुलाचं नाव टाकलं असतं तर आईबाबांच्या पदरात ५०० पडले असते, तेही हक्काचे नव्हे. मुलाचे १,८०० आणि १,१०० बुडाले असते आणि तिसरे १,४०० लांबले असते.

आता त्याची मागणी पाहू. आईबाबांकडे त्याच्या नावाने आलेले १,४०० त्याला द्यायचे का? आमच्या मते नाही. त्याला त्याचे स्वतंत्र १,४०० मिळतात. आईबाबांना आलेले परत करावे लागत नाहीत. जुन्या विवरणपत्रावरून जास्त आलेली रक्कम वसूल करण्याची तरतूद या कायद्यात नाही आणि आयआरएसने तसं स्पष्ट केलं होतं. दोन्ही रकमा कायदेशीर आहेत. शिवाय आईबाबांनी भरलेल्या फीवरचं १,१०० चं क्रेडिट त्याच्या खिशात जातं. उलट विचारायचं तर त्यानेच आईबाबांना काही द्यावं का, असा प्रश्न येतो. आम्ही म्हणू, मागू नये. पण त्याला हे आकडे दाखवावेत. आकडे पाहिल्यावर त्याने मागणी सोडून दिली.

मुलगी: कोणाचा खर्च कोणी सोसला

मदतीचा उद्देश साथीने झालेलं नुकसान भरून काढणं हा होता. म्हणून चेकवर कोणाचं नाव आहे यापेक्षा नुकसान कोणी सोसलं ते मांडायला हवं. एक कागद घ्यावा, दोन रकाने करावेत आणि दोन्ही बाजूंनी खरं लिहावं.

आईबाबांचा रकाना: मार्च २०२० मध्ये विद्यापीठ ऑनलाइन गेलं, मुलगी घरी आली, पण भाडेकरार जुलैअखेरपर्यंत होता. चार महिन्यांचे २,६०० आईबाबांनी रिकाम्या खोलीसाठी भरले. वसतिगृहात असती तर विद्यापीठाने काही परतावा दिला असता. खासगी घरमालकाने दिला नाही. दुसरीकडे, दर महिन्याला किराण्यासाठी पाठवायचे ३०० पाच महिने वाचले, म्हणजे १,५००. ती घरी जेवली तो खर्च आहे, पण घरातल्या एका ताटाला महिन्याला तीनशे लागत नाहीत. ओढूनताणून धरलं तरी त्यांचा जादा बोजा दीड हजाराच्या आसपास.

मुलीचा रकाना: ग्रंथालयातली आठवड्याला १२ तासांची, ताशी १२ डॉलरची नोकरी बंद झाली. वसंत सत्राचे सात आठवडे गेले, १,००८. पुढचं हिवाळ्यापर्यंतचं सत्रही ऑनलाइन, पंधरा आठवडे, २,१६०. उन्हाळ्याची इंटर्नशिप रद्द झाली, ती धरलीच नाही. ऑगस्टमध्ये ती परत खोलीवर गेली तेव्हा हातखर्चाचा स्वतःचा स्रोत शून्य होता.

आणि मग कागदावर ती ओळ आली जी आईबाबांना माहीत नव्हती: क्रेडिट कार्डवर ६२० डॉलर थकलेले, २४ टक्के व्याजाने. इंटरनेटच्या बिलातला वाटा, एक चष्मा, सप्टेंबरातला किराणा. दर महिन्याला १२ डॉलरच्या वर नुसतं व्याज, आणि ती किमान रक्कम भरत राहिली होती, त्यामुळे मूळ आकडा हलत नव्हता. मागायचं नाही म्हणून तिने सांगितलं नव्हतं. चौदाशेची मागणी त्यातूनच आली होती. पैशाबद्दल मूल अचानक हट्टाने बोलू लागलं की मागे असं काही असण्याची शक्यता धरून चालावं, आणि 'तुला कशाला हवेत' असं न विचारता 'कुठे अडलं आहे' असं विचारावं.

बाबांचा मुद्दा होता की २,६०० भाडं भरलं, त्यात १,४०० फिटले. तो पूर्ण चुकीचा नाही. पण एप्रिल २०२० मध्ये आईबाबांना २,४०० मिळाले ते अशाच खर्चासाठी, आणि जानेवारीत आणखी १,२००. त्या ३,६०० मध्ये मुलीचा वाटा शून्य होता. रिकाम्या खोलीचं भाडं तिथे वळतं करावं. तिसऱ्या वेळी कायद्याने तिची वेगळी गणती केली, त्या रकमेवर जुना खर्च लादू नये. फीचा मुद्दा तर इथे आणूच नये. फी साथ नसती तरी भरलीच असती. आमचा निर्णय: पूर्ण १,४०० मुलीला.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. दोन वर्षांच्या अंतराच्या भावंडांत पहिल्या दोन वेळचे भावाला १,८०० मिळाले, बहिणीला शून्य, कारण तो वेळेत पदवीधर झाला. यात कोणाचा दोष नाही, पण आईने ते बोलून दाखवलं आणि पुढचा मार्ग त्यातूनच निघाला.

पैसे कसे वापरले

आधी ६२० देऊन कार्ड पूर्ण फेडलं. किमान रकमेपेक्षा जास्त भरणं पुरत नाही, चालू महिन्याचं व्याज धरून त्या दिवशीची फेडीची रक्कम कार्ड कंपनीकडून घ्यावी. नाहीतर पुढच्या बिलात आठ-दहा डॉलर उरतात आणि त्यावर उशिराचा दंड बसतो. ६५० पुढच्या वर्षीच्या खोलीची अनामत. उरले १३०, ते पुस्तकं आणि बसपासला.

तिच्या मनात शैक्षणिक कर्ज फेडायचं होतं. त्या वेळी ती चूक ठरली असती. केंद्र सरकारच्या ताब्यातल्या शैक्षणिक कर्जांवर १३ मार्च २०२० पासून व्याज शून्य टक्के होतं. शून्य टक्क्याचं कर्ज फेडून २४ टक्क्यांचं ठेवणं परवडत नाही. खासगी बँकेचं कर्ज असतं तर वेगळं. त्यावर व्याज चालूच होतं.

भावाच्या नावाने आलेले जादा १,४०० आईबाबांनी मुलीच्या पुढच्या वर्षासाठी राखले. डिपेंडंट विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी ७,५०० पर्यंत केंद्रीय कर्ज मिळतं. तिने विद्यापीठाच्या पोर्टलवर सगळं न स्वीकारता ६,१०० स्वीकारलं. २०२१-२२ च्या नव्या पदवी-कर्जाचा दर ३.७३ टक्के होता आणि रक्कम देतानाच एक टक्क्याहून थोडं शुल्क कापतात. न घेतलेल्या कर्जावर दोन्ही वाचतात. 'सगळं स्वीकारा' ही कळ दाबून झाली असेल तरी रक्कम मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत केल्यास त्या भागावरचं शुल्क आणि व्याज रद्द होतं.

या पैशांशिवाय विद्यापीठाकडूनही त्या काळात आणीबाणीचं अनुदान मिळू शकत होतं. केअर्स आणि नंतरच्या कायद्यांनी विद्यापीठांना त्यासाठी वेगळा निधी दिला. ते विद्यार्थ्याला थेट मिळे, करपात्र नसे. बऱ्याच ठिकाणी छोटा अर्ज भरावा लागे आणि पैसे संपेपर्यंतच वाटप चाले. विद्यार्थी मदत कार्यालयाला एक ईमेल पुरत असे. हे अनुदान मिळालं म्हणून चौदाशेतून कापू नये.

दुसऱ्या घरात उत्तर बदलतं

उत्पन्न १,५०,००० च्या वर गेलं की 'माझे चौदाशे' हा आकडाच खरा राहत नाही. जोडप्यासाठी तिसरी मदत १,५०,००० ते १,६०,००० मध्ये सरळ शून्यावर येत होती. १,५४,००० ला चार जणांचे ५,६०० ऐवजी ३,३६० मिळतात, म्हणजे मुलीचा वाटा ८४०. त्या पट्ट्यात प्रत्येक जादा डॉलरमागे ५६ सेंट जातात. तिथे २०२१ मध्ये ४०१-के मध्ये (उत्पन्नातून वजा होणाऱ्या निवृत्ती-बचतीत) चार हजार जास्त टाकले असते तर उरलेले २,२४० पुढच्या विवरणपत्रात परत मिळाले असते.

एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावरच्यांच्या कुटुंबाला मिळणारा) असलेल्या ज्या मुलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसून फक्त आयटिन, म्हणजे करापुरता क्रमांक, होता, त्यांच्या नावाने तिसऱ्या वेळीही काही मिळालं नाही. मुलाने मागण्याआधी पालकांनी ते सांगून टाकावं.

नोकरी गेलेली आणि भाडं थकलेलं घर असेल तर १,४०० भाड्यालाच जावेत. तिथे मुलाला वाटा देणं म्हणजे त्याच्याच डोक्यावरचं छप्पर धोक्यात घालणं. पण रक्कम आली हे लपवू नये.

पैसे कोणाच्या खात्यात पडून राहतात याचाही विचार हवा. फाफसा (केंद्रीय विद्यार्थी मदतीचा अर्ज) भरतानाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या खात्यातल्या शिल्लकेतले २० टक्के शिक्षणासाठी उपलब्ध धरतात, पालकांच्या शिल्लकेतले जास्तीत जास्त ५.६४ टक्के. १,४०० वर हा फरक २८० विरुद्ध ७९. या घराचं उत्पन्न पाहता गरजेवरची मदत मिळणारच नव्हती, म्हणून इथे फरक पडत नाही. पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांचं केंद्रीय अनुदान) मिळणाऱ्या घरात पडतो. तिथे फाफसाआधी खर्च करावा किंवा तोवर पालकांच्या खात्यात ठेवावं.

पुढच्या वर्षीची एक अडचण

२०२१ चं विवरणपत्र भरताना, म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला, तिसऱ्या वेळी किती मिळाले ते लिहावं लागत होतं. आईबाबांनी ५,६०० लिहायचे. मुलीला १,४०० दिले म्हणून ४,२०० लिहिणं चूक, आणि मुलगा आता डिपेंडंट नाही म्हणून त्याचे वजा करणंही चूक. आयआरएसने जानेवारी २०२२ पासून पाठवलेल्या ६४७५ क्रमांकाच्या पत्रात आकडा असतो, पण जोडीने विवरणपत्र भरणाऱ्यांना दोन पत्रं येतात आणि प्रत्येकात निम्मी रक्कम असते: इथे २,८०० आणि २,८००. अनेकांनी एकच पत्र पाहून २,८०० लिहिले, उरलेल्याचं क्रेडिट मागितलं आणि परतावा अडकवून घेतला. दोन्हींची बेरीज लिहावी. तिघांचा हक्क ४,२०० आणि मिळाले ५,६००, म्हणून ओळ ३० वर शून्य येतं आणि भरायचं काही निघत नाही.